युनिव्हर्सल प्रायमर

खिडकीतल्या शेवाळात सापडलेला तो जिवाणू कोण, हे काही केल्या कळेना. प्रयोगशाळेत तिने एकेका ओळखीच्या जातीचा प्रायमर, म्हणजे फक्त त्याच जातीचा डीएनए हेरणारा तुकडा, लावून पाहिला. डीएनए सापडला की जेलवर पट्टी उमटते; तीन आठवडे जेल कोरंच.

"मॅडम, हा दादच देत नाहीये."

मॅडम हसल्या. "अगं, प्रायमर म्हणजे हाक. तू नाव घेऊन हाका मारतेयस, आणि ते नाव त्याचं नाहीच. मग ओ कोण देणार? युनिव्हर्सल लाव. 'कोण आहे तिकडे?' एवढंच विचार. जो असेल तो ओ देईल."

दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत जेलवर नारिंगी पट्टी उजळली, लांबवरच्या घरात कुणी दिवा लावावा तशी. "आहेस तर!" ती पुटपुटली. तो दिवा डोळ्यांत घेऊनच ती तरंगत घरी आली.

बाबा नेहमीसारखे खुर्चीत, भिंतीकडे बघत बसले होते. आजाराने त्यांची एकेक ओळख पुसत नेली होती. वर्षभर ती रोज दारातूनच हाका मारायची. "बाबा!" मग, "बाबा, मी तुमची चिमणी!" कधी शाळेतली पोरं म्हणायची तसं, "मास्तर!" एकाही हाकेला ते वळले नव्हते.

आज ती उंबऱ्याबाहेरच थांबली. उघड्या दाराची कडी हळूच वाजवली.

"कोण आहे घरात?"

बाबांनी मान वळवली.

"मी आहे ना," ते म्हणाले. "या, आत या."