धावफलकावर एक नजर

"आणि चेंडू हवेत उंचच्या उंच उडवलेला... पुन्हा एकदा सीमारेषेच्या पार, बाहेर!" रेडिओ ओरडला.

"हवेत उंच म्हणे," सासूबाई म्हणाल्या. "जमिनीत उंच उडतो का कधी? आणि पार गेला की बाहेरच गेला ना? तुझ्या नवऱ्याला कुणी सांगत नाही का गं?"

सून हसली. सासूबाईंचा पाय तिच्या मांडीवर होता. कोमट पाण्यात भिजून मऊ झालेली नखं ती जपून कापत होती. करंगळीचं नख मांसात वळलेलं असायचं, तिथं घाई करून चालत नसे.

"सांगून झालंय, आई. म्हणतात, ज्याला मैदान दिसत नाही त्याला सगळं दोनदा सांगावं लागतं."

"आणि स्वतःच्या पोराला 'हा उमदा, होतकरू, तरुण फलंदाज'! सकाळी त्याच होतकरूला ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून केवढं झापलं."

"माइकसमोर बसलं की पोरगा परका, असं ठरवलंय त्यांनी. आधीच लोक म्हणतात, बाप समालोचक म्हणून मुलाचं कौतुक जास्त."

मुलाच्या बेचाळीस धावा झाल्या होत्या. अंतिम सामना होता आणि गल्लीतल्या प्रत्येक खिडकीतून तोच एक आवाज बाहेर पडत होता.

"गोलंदाज दुरून, लांबून धावत येतोय... आखूड टप्प्याचा चेंडू, उसळून वर आलेला, आणि..."

लोकांचा गलका उठला आणि मध्येच तुटला.

"...आणि फलंदाज किंचित विचलित झालेला दिसतोय."

सुनेचा हात थांबला. "विचलित म्हणजे?"

"म्हणजे काही नसेल. साधं बोलायची सवय आहे का त्याला?"

"फलंदाज क्षणभर खाली विसावला आहे," रेडिओ म्हणाला. "क्षेत्ररक्षक त्याच्याभोवती जमले आहेत. खेळाडूवृत्तीचं हे एक सुंदर, मनोहारी दर्शन. शेवटी खेळ म्हटला की हे आलंच. तर दरम्यानच्या काळात धावफलकावर एक नजर टाकूया."

त्यानं धावफलक वाचला. मग आकाश निरभ्र असून वारा मंद असल्याचं सांगितलं. मग वारा मंद असून आकाश निरभ्र असल्याचं सांगितलं. मग पुन्हा धावफलकावर एक नजर टाकली.

"अहो, उठला का तो?" सून रेडिओला म्हणाली. "बाकी काही नको. तेवढंच सांगा."

"क्रिकेट हा बेभरवशाचा खेळ आहे. शेवटचा चेंडू पडेपर्यंत काहीच सांगता येत नाही."

"उठेल आता," सासूबाई म्हणाल्या. "डोकं टणक आहे त्याचं. लहानपणी जिन्यावरून गडगडत आला तरी हसत होता."

सुनेनं वर पाहिलं. "डोक्याला लागलं असं कुठं म्हणाले ते?"

सासूबाईंनी पाय मांडीवरून काढून घेतला नाही.

"वैद्यकीय पथक मैदानात दाखल होत आहे. खेळात थोडासा, अल्पसा व्यत्यय. तेव्हा धावफलक पुन्हा एकदा. या होतकरू फलंदाजाच्या वैयक्तिक धावा चोवीस."

"बेचाळीस," दोघी एकदमच म्हणाल्या.

वीस वर्षांत या माणसाच्या तोंडून आकडा चुकला नव्हता. सामना संपला की धावा लिहिणारे आपल्या वह्या त्याच्याकडून तपासून घेत.

रेडिओत कागद सरकल्याचा आवाज झाला. शेजारच्या समालोचकाचा असावा, असा दबका आवाज आला, "दादा, सोड. मी बोलतो."

"नको."

मग तो म्हणाला, "स्ट्रेचर."

सून वाट पाहत राहिली. त्या शब्दाच्या पुढंमागं काहीच आलं नाही. सुंदर नाही, मंद नाही, पुन्हा एकदा नाही.

"बॅटरी गेली का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"चालू आहे."

चालूच होता. हजारो माणसं गप्प बसली की जो आवाज होतो, तो येत होता. दूर कुणीतरी खोकलं. सुनेनं उठून आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. तरी तेच. खिडकीतून समोरच्या घरातला रेडिओ ऐकू येत होता, त्यातही तेच. त्याच्या पलीकडच्या घरातही तेच.

"बोला ना," ती म्हणाली. "काहीही बोला. वाऱ्याचं सांगा."

रेडिओतून श्वास ऐकू आला. मग त्याचा आवाज आला, घरातला, चहा मागताना असतो तसा.

"तो उठत नाहीये गं."

समोरच्या घरातला रेडिओ खट्‌कन बंद झाला. मग त्याच्या शेजारचा. मग पलीकडचा. मग गल्लीत एक दार उघडलं, दुसरं उघडलं, आणि पावलं येऊ लागली. ती त्यांच्या दारापाशी येऊन थांबली. आणखी आली, तीही थांबली.

कडी कुणीच वाजवली नाही.