विटेवरचा अंगठा

टास्मानियात पणजोबांचा माग काढता काढता मर्लच्या हाती लागला तो एका कैद्याचा कागद. पणजोबा म्हणजे मेंढीचोर ओबादाया टिब्स; शिक्षा होऊन काळ्या पाण्यावर आला होता. सुटल्यावर जमीन मिळाली, तेव्हा मर्लचं हे घर त्याने स्वतः पाडलेल्या विटांनी बांधलं. कच्च्या विटेवर अंगठा दाबायची कैद्यांची सवय त्याची तेव्हाही सुटली नाही.

"खानदानी जमीनदार म्हणून मिरवतो आपण, आणि हा बट्टा! जाळ तो कागद," चुलतभाऊ क्लॅरी म्हणाला.

मर्ल कागद घेऊन भिंतीतल्या शेकोटीच्या विस्तवाकडे वाकली. भिंतीला टेकलेला तिचा अंगठा एका ठशात अचूक बसला.

"टाक ना गं! चहा गार होतोय."

मर्लने हात ओढून पाहिला, पण निघेना. वीट विस्तवाने तापली होती. आतून तिचा अंगठा धरणारी बोटं मात्र गार होती.