आपली जागा

“ही मासळीची जागा आपल्या घराची, सूनबाय. वाऱ्यालाबी सांगू नको,” जाळं विणता विणता सासरा म्हणाला होता. तो जाऊन कैक वर्षं झाली, तरी हौसाने तो शब्द मोडला नव्हता.

आज दुपारी वारं फिरलं. होड्या परतीला लागल्या, तिच्या नवऱ्याची, हिराजीची मात्र दिसेना. धक्क्याला बांधलेल्या दिराच्या होडीवर चढून हौसाने वायरलेस चालू केला, स्कॅनचं बटण दाबलं. चॅनलचे आकडे पळू लागले. कुणी बोललं की तिथे क्षणभर थांबायचे. एकावर वादळाचा इशारा, दुसऱ्यावर खलाशांची थट्टा. दर आवाजाला तिचा जीव लकाकायचा आणि विझायचा.

मग खरखरीतून नवरा बोलला, “मशीन बंद पडलंय, पाणी शिरतंय. आपल्या जागेवर हाय.”

“आवं, कुठं ते नीट सांगा की!”

“सगळी ऐकतायत ना गो!” आवाज तुटला.

आकडे पुढे सरकले आणि दुसऱ्या होडीच्या काशिराम तांडेलाच्या आवाजावर थांबले. या जागेच्या मागावर तो वर्षानुवर्षं होता. आता त्याने सगळं ऐकलं होतं. “वहिनी, आमी अजून समुद्रातच हाव. कुठं वळू?”

हौसाने स्कॅन थांबवला आणि सगळ्या होड्या ऐकतात तो चॅनल लावला.

“भावजी, दीपगृह देवळाच्या कळसामागं दडलं की सरळ बाहेर जा. पाण्याखाली खडकांची खडप लागंल. तिथंच आमची मासळी, तिथंच माझा घरधनी.”