चुकलीस, पुन्हा चाख

मोठ्या बाई वर्गात शिरल्या आणि मागच्या भिंतीपाशी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाईच म्हणायची.

पहिलीच्या बाईंनी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. मुलांनी भाजी खावी म्हणून भाजीची चित्रं झाली, भाजीचे पत्ते झाले. मुलं खेळली भरपूर, पण भाजीला कुणी तोंड लावलं नाही. वाट्या स्वयंपाकघरात जशाच्या तशा परत जात होत्या. आजही गेल्या तर खेळाचा तास बंद, हे मोठ्या बाईंनी सकाळीच बजावलं होतं.

आजचा खेळ सोपा होता. डोळ्यांवर रुमाल बांधायचा, घास चाखून भाजी ओळखायची. चुकलं की पुन्हा चाखायचं.

वर्गाच्या मॉनिटरनं घास जिभेला लावला न लावला. “गाजर! सुटलो!”

त्याच्या मागचाही तसाच सुटला. वाटी भरलेलीच राहिली.

“चुकलं की भाजी?” मोठ्या बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या. “अहो, भाजीची शिक्षा केलीत तुम्ही.”

बाईंनी भरलेल्या वाटीकडे पाहिलं. नियम करताना हे ध्यानातच आलं नव्हतं.

आता पाळी नन्नीची. भाजी दिसली की तिचा नन्नाचा पाडा सुरू व्हायचा, म्हणून वर्गानं ठेवलेलं नाव. पण रुमाल बांधून घ्यायची तिला भारी हौस. बाईंनी उकडलेल्या बीटची फोड तिच्या ओठांपाशी नेली. नन्नीनं ती दातांच्या टोकानं धरली, थांबली, मग बराच वेळ चावत राहिली.

“बटाटा.”

“चुकलीस. पुन्हा चाख.”

“केळं.”

“पुन्हा.”

“खडू!”

वर्ग खो खो हसत सुटला. नन्नीच्या हनुवटीवरून लाल ओघळ उतरला. वाटीचा तळ दिसू लागला.

“बाई, रुमाल घसरलाय!” मॉनिटर ताडकन उठला. “एका डोळ्यानं वाटीत बघतेय ती! मुद्दाम चुकतेय!”

बाईंचा चमचा हवेतच थांबला. नन्नीनं उघडा डोळा घट्ट मिटून घेतला.

“मग मीपण चुकणार,” मॉनिटर म्हणाला. “मला परत घ्या.”

“मलापण!” “बाई, मलाही काहीच ओळखता येत नाही!” बाकं मागे सरली आणि बाईंच्या टेबलापुढे रेटारेटी सुरू झाली.

मोठ्या बाईंनी त्या गर्दीतून वाट काढली. नन्नीचा रुमाल सोडून नीट घट्ट बांधला. मग बीटची दुसरी वाटी स्वतःच्या हातात घेतली.

“आ कर.”

चमचा वाटीतून वर यायच्या आधीच नन्नी म्हणाली,

“चप्पल!”