हिरवी टिकली

फय्याजभाईंनी तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवली आणि हात थरथरला नाही. मिरजेतल्या त्या कारखान्यात नऊ वर्षांत पहिल्यांदाच! मनाची उसळी आवरणारं जुनं औषध मेंदूतलं डोपामिन सगळीकडेच अडवायचं, म्हणून बोटंही कापायची. कानामागे चिकटवलेली नवी औषधी टिकली मात्र मन उसळतं तेवढ्याच जागी ते अडवत होती.

त्यांनी तारेखाली जवारीचं सूत सरकवलं. षड्ज असा घुमला की फरशीवरचा भुसासुद्धा हलला.

"निलोफर, ऐकलंस? जवारी लागली! आण दुसरा! आज चारही तंबोरे उरकतो!" ते ओरडले, हसले, उठून उभेच राहिले.

त्यांची मुलगी हातातलं काम टाकून जवळ आली. मागच्या खेपेला असंच हसत हसत त्यांनी सात तंबोरे रस्त्यावरच्या लोकांना वाटून टाकले होते, आणि मग चार दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तशी उसळी आली तर टिकली लाल होणार होती. तिनं घाईघाईनं त्यांचा कान पुढे ओढून पाहिलं.

टिकली हिरवीच होती.

"काय झालं गं?"

"काही नाही, अब्बा. तुम्हाला नुसता आनंद झालाय," असं म्हणत ती डोळे पुसत दुसरा तंबोरा आणायला धावली.