कंपनीचा आवाज

“आवाज मारायचाय,” बारक्या म्हणाला.

मिस्त्रीनं वर न बघताच विचारलं, “किती?”

“सगळा. कुणाला ओळखू येता कामा नये.”

तेव्हा कुठं मिस्त्रीनं मान वर केली. त्याच्या गॅरेजात पोरं यायची ती आवाज वाढवायला. सायलेन्सरच्या पोटात भोकाभोकांची एक नळी असते, तिला बॅफल म्हणतात. ती उपसून काढली की फटफटी गल्लीच्या तोंडापासून बोंबलत येते आणि वर बसलेल्याला वाटतं, आपण कुणीतरी झालो. मिस्त्री नळ्या उपसून द्यायचा, पण फेकायचा नाही. पत्र्याच्या तुकड्यावर गाडीचा नंबर कोरून तारेनं भिंतीला टांगून ठेवायचा. लग्न ठरलं की परत बसवायला येतात साले, असं त्याचं म्हणणं.

“ही थोरल्याची गाडी,” तो म्हणाला. “हिचं बॅफल मीच काढलं होतं. तुला नाक पुसता येत नव्हतं तेव्हा.”

“माहितीय.”

“मग कशाला मारतोस? भावाची आठवण आहे ती.”

बारक्याला राग यायला हवा होता. आला नाही. थोरला गेल्यापासूनच्या दीड वर्षात त्याला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं.

“आठवण बाबांना येते,” तो म्हणाला. “आवाज ऐकला की फाटकात येऊन उभे राहतात. ‘आलास का थोरल्या?’ म्हणतात. मग मी थोरला होऊन आत जातो. झोपेपर्यंत थोरलाच असतो.”

“अरे, मग सांगायचं की त्यांना.”

“सहा वेळा सांगितलं. थोरला तापानं गेला म्हणून. सहाही वेळा त्यांना पहिल्यांदाच कळलं.”

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. अशा वेळी माणसं देवाला मध्ये घेतात, धीर धर म्हणतात, पाठीवर हात फिरवतात. त्यानं त्यातलं काही केलं नाही, हे त्याचे उपकार.

“विकून टाक ना गाडी.”

“आई गाडीच्या आधी मला घराबाहेर काढेल.”

मिस्त्री स्टुलावर चढला. भिंतीवरच्या नळ्या एकेक करून उलटत राहिला. बारा वर्षांच्या जळमटात थोरल्याची नळी सापडली. ती त्यानं डिझेलच्या डब्यात बुडवली, तारेच्या ब्रशनं घासली, गोणपाटावर आपटून काजळी झाडली. सायलेन्सरच्या तोंडात धरून लाकडी हातोड्यानं दोन टोले दिले. माहेरी आलेल्या पोरीसारखी ती विनातक्रार आत गेली.

“एवढा आटापिटा करून मिळणार काय तुला?” बोल्ट आवळता आवळता त्यानं विचारलं.

बारक्यानं नळीच्या डिझेलचा जमिनीवर पडलेला डाग चपलेनं पुसला.

“एकदा बाबांनी ‘बारक्या’ म्हणावं. शिवी घातली तरी चालेल.”

मिस्त्रीनं किक मारली. कार्बोरेटरचा स्क्रू केसभर फिरवला, कान दिला, परत केसभर फिरवला. “खालच्या गिअरला आता चांगली ओढ येईल. वरती पळणार नाही मात्र.”

“मला कुठं पळायचंय?”

“ऐक,” मिस्त्री आपल्याच कामावर खूश झाला होता. “कंपनीचा आवाज! शोरूममधून निघाली त्या दिवशीचा. असल्या आवाजाच्या दहा गाड्या असतील तुमच्या गल्लीत. बाबांचं सोड, कुत्र्यालासुद्धा कळायचं नाही कोण आलं ते.”

बारक्या घराकडे निघाला. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं मान वळवली नाही. ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबल्या नाहीत. फाटक बंद होतं. फाटकात कुणी नव्हतं.

त्यानं गाडी उभी केली. इंजिन चालूच ठेवलं.

आतून कडी वाजली. बाबा आले. रोज पाय ओढत येणारे बाबा आज झपाझप आले, पाठ ताठ, पायात चपलासुद्धा नाहीत. त्यांनी गाडीच्या टाकीवरून अलगद हात फिरवला. तिच्यावरचे पोचे आणि उडालेला रंग त्यांच्या हाताला लागला नाही.

“कसा गेला रे पहिला दिवस? साहेब बरा आहे ना, थोरल्या?”

चौदा वर्षांपूर्वी थोरल्याला नोकरी लागली, त्याच आठवड्यात ही गाडी कोरी करकरीत या फाटकातून आत आली होती. याच आवाजात. मिस्त्रीच्या डोक्यात हे आलं नव्हतं. बारक्याच्याही आलं नव्हतं. दारात ओल्या हातांनी उभ्या असलेल्या आईला मात्र आवाज ऐकताच कळलं असावं. ती तशीच आत वळली.

“बरा आहे,” बारक्या म्हणाला.

बाबांनी त्याच्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघितलं.

“आणि बारक्या कुठाय?”

बारक्यानं इंजिन बंद केलं.

“पाच वाजून गेले,” बाबा म्हणाले. “शाळा कधीच सुटली. हा गाढव कुठं रेंगाळतो रोज?”

“येतोय, बाबा. मागून चालत येतोय.”

“त्याला गाडीवर घालून आणायचं नाही का? दप्तर केवढं जड असतं त्याचं!” असं म्हणत बाबांनी फाटक सताड उघडलं आणि तसेच अनवाणी रस्त्याला लागले.

बारक्यानं गाडी स्टँडला लावली. मग दोन पावलं अंतर ठेवून तो त्यांच्या मागून चालायला लागला.