चिंगीची साक्ष

"ती झोपली होती," जाळीपलीकडून आई म्हणाली. "देवाशपथ सांगते, वकीलबाई. तिला काही म्हणजे काही ठाऊक नाही."

वकीलबाईंनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"हे बघा, सोमवारी अपील आहे. नवऱ्याने आधी तुमचा गळा आवळला आणि मग तुम्ही हाताला लागलेली इस्त्री त्याच्या डोक्यात घातली, हे पाहणारं कुणी नव्हतं म्हणून तर जन्मठेप झाली. घरात तुम्ही तिघंच. तो गेला. तुमचं कुणी खरं मानत नाही. राहिली ही. हिचं ऐकून घ्यायला कोर्ट तयार आहे, तुम्ही फक्त हो म्हणा."

नऊ वर्षांची चिंगी स्टुलावर बसून पाय हलवत होती.

"मी राहीन इथे जन्मभर. पण लेकराला तिथे उभं करून ते सगळं वदवून घेऊ नका. समोरचा वकील तिला सोलून काढील. आणि झोपलेल्या पोरीने सांगायचं काय? मी रोज वाकून बघायचे ना."

"मी नाही झोपायचे," चिंगी म्हणाली.

"तू गप गं."

"तूच शिकवलंस ना? बाबा चिडले की डोळे मिटायचे, श्वास हळू घ्यायचा, म्हणजे ते आपल्याकडे येत नाहीत. मग तू यायचीस. 'झोपलं गं बाई माझं' म्हणायचीस आणि रडायची थांबायचीस. म्हणून मी तुझ्यापुढेही तसंच करायचे."

आईने जाळीत अडकवलेली बोटं काढून घेतली. "कुणीतरी पढवलंय हिला," ती वकीलबाईंना म्हणाली. "एवढ्याशा पोरीला जमतं का असलं सोंग?"

"जमतं. दाखवू?"

चिंगीने समोरच्या फळीवर गाल टेकला. पाय थांबले. मूठ सैल पडली, ओठ किंचित उघडले. पाठ सावकाश वर-खाली होऊ लागली. वकीलबाईंनी तिच्या कानाशी टिचकी वाजवली. पापणीसुद्धा हलली नाही.

पहाऱ्यावरची बाई किल्ल्या खुळखुळवत आली. "चला, आटपा, किती ते बोलायचं—" फळीकडे लक्ष जाताच तिने किल्ल्या मुठीत धरल्या आणि आवाज उतरवला. "अगं बाई, डोळा लागला वाटतं पोरीचा. उठवू नका हं, तशीच उचलून न्या."

आई कितीतरी वेळ त्या मिटल्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग वकीलबाईंकडे वळली.

"जागी आहे ती," ती म्हणाली.